पुढे-मागे डॅशकॅम: निवड, जागा आणि वायरिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी पेट्रोलवरची हॅचबॅक आहे, पुण्यात सोसायटीच्या आवारात उघड्यावर उभी असते आणि महिन्यातून एखाद-दोन वेळा कोल्हापूरला जाते. पुढे आणि मागे असे दोन डॅशकॅम, म्हणजे गाडीतून रस्त्याचे सतत चित्रण करणारे कॅमेरे, बसवायचे आहेत. ‘४के’ घ्यावा की त्याहून कमी पिक्सेलचा ‘२के’, वीज चार्जिंग सॉकेटमधून घ्यावी की फ्यूज बॉक्समधून, आणि रात्रभर पार्किंग मोड (गाडी बंद असतानाही रेकॉर्डिंग करण्याची सोय) चालू ठेवल्यास बॅटरी उतरेल का, हे विचारले आहे. गाड्यांचे वायरिंग हाच माझा व्यवसाय असल्यामुळे मी उत्तराची सुरुवात प्रश्नात न आलेल्या गोष्टीपासून करतो. ती गोष्ट म्हणजे उन्हाळा.

एप्रिल-मे महिन्यांत काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंश सेल्सिअसच्या आसपास सहज पोचतो, आणि पुढच्या काचेला चिकटवलेला कॅमेरा त्याच झळीत असतो. स्वस्त कॅमेऱ्यांत आत एक छोटी लिथियम बॅटरी असते. गाडी बंद झाल्यावर शेवटची फाइल नीट बंद करण्यापुरती वीज देणे, एवढेच तिचे काम असते. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, असे बहुतेक उत्पादक सांगतात. तरीही गाडी सुरू केल्याबरोबर ती त्या झळीतच चार्ज होऊ लागते. अशी बॅटरी एक-दोन उन्हाळ्यांत फुगते, कॅमेऱ्याचे आवरण उचलते आणि कधी कधी पडदाही ढकलून बाहेर काढते. म्हणून खरेदी करताना पहिला प्रश्न ‘किती मेगापिक्सेल’ हा नसावा, तर ‘आत सुपरकपॅसिटर आहे का’ हा असावा. सुपरकपॅसिटर फार थोडी वीज साठवतो, परंतु फाइल बंद करण्यापुरती ती पुरते आणि उष्णता तो कितीतरी चांगली सोसतो. ही माहिती खोक्यावर किंवा माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेली नसेल, तर तो कॅमेरा विदर्भ-मराठवाड्यात राहणाऱ्याने तर नाहीच, पुण्यात उघड्यावर गाडी लावणाऱ्यानेही घेऊ नये.

आता चित्राच्या स्पष्टतेकडे वळू. अपघातानंतर आपल्याला बहुतेक वेळा दोन गोष्टी हव्या असतात: घटना कशी घडली ते, आणि समोरच्या वाहनाचा क्रमांक. पहिल्या गोष्टीसाठी साधा १०८०पी कॅमेरा पुरेसा आहे. दुसऱ्या गोष्टीसाठी थोडे गणित करावे लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ५०व्या नियमानुसार मोटारीची लांबट नंबरप्लेट ५०० बाय १२० मिलिमीटर आणि दुचाकीची मागची प्लेट २०० बाय १०० मिलिमीटर असते. खोक्यावर ‘१४० अंश’ असे जे लिहिलेले असते तो बहुधा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा कोन असतो. आडवा कोन सुमारे १२० अंश धरू. १०८०पी चित्रात आडवे १९२० पिक्सेल असतात, म्हणजे प्रत्येक अंशाला १६. दहा मीटरवर असलेली मोटारीची प्लेट जेमतेम तीन अंशांत मावते आणि तिच्या वाट्याला सुमारे ४६ पिक्सेल येतात. त्यांत दहा अक्षरे-अंक बसवायचे म्हटले, तर एकेकाला चार-साडेचार पिक्सेल मिळतात आणि एवढ्यात ३ आणि ८ वेगळे ओळखता येत नाहीत. तीच प्लेट पाच मीटरवर आली की पिक्सेल दुप्पट होतात आणि क्रमांक कसाबसा वाचता येतो. ‘२के’, म्हणजे २५६० बाय १४४० चे चित्र हे अंतर साडेसहा मीटरपर्यंत नेते, तर खरे ‘४के’ दहा मीटरपर्यंत. हे सगळे दिवसा, स्वच्छ काचेतून आणि वाहन जवळपास स्थिर असताना.

रात्री मात्र हे गणित उलटे होते. त्याच आकाराच्या सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, जास्त पिक्सेल बसवले, की प्रत्येक पिक्सेलला मिळणारा प्रकाश कमी होतो. तो भरून काढण्यासाठी कॅमेरा प्रत्येक चौकट जास्त वेळ उघडी ठेवतो आणि हलणारी वस्तू पुसट होते. समोरून येणारी गाडी आणि आपली गाडी अशा दोन्ही ताशी ८० किलोमीटरने चालल्या असतील, तर सेकंदाच्या तिसाव्या भागात त्या एकमेकींकडे जवळजवळ दीड मीटर सरकतात. त्या चौकटीत प्लेट वाचण्याची आशा कोणत्याही किमतीच्या कॅमेऱ्याकडून धरू नये. त्यात आपल्याकडे २०१९ पासून नव्या गाड्यांना बंधनकारक झालेली उच्च सुरक्षा नंबरप्लेट प्रकाश परावर्तित करणारी आहे. आपल्याच हेडलाइटचा झोत पडला की ती चित्रात कोरी पांढरी पट्टी होऊन जाते. यावर उपाय एचडीआर किंवा डब्ल्यूडीआर हा आहे. काळोख आणि झगझगीत भाग एकाच चित्रात सांभाळण्याचे ते तंत्र आहे, आणि ते सेन्सरमध्येच चांगले असावे लागते. सोनीच्या ‘स्टारव्हिस २’ पिढीचे आयएमएक्स ६७५ (५ मेगापिक्सेल) आणि आयएमएक्स ६७८ (८ मेगापिक्सेल) हे सेन्सर या बाबतीत आधीच्या आयएमएक्स ३३५ किंवा ४१५ पेक्षा स्पष्टपणे सरस आहेत. तेव्हा जुन्या सेन्सरच्या ‘४के’ऐवजी नव्या सेन्सरचा ‘२के’ घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पैसे अधिक खर्च करायचेच असतील, तर आयएमएक्स ६७८ असलेला ‘४के’ घ्यावा. सेन्सरचे नाव न सांगता केवळ ‘४के’ एवढेच मोठ्या अक्षरांत छापणाऱ्या वस्तूवर विश्वास ठेवू नये. त्यांपैकी कित्येकांत लहान चित्र ताणून मोठे केलेले असते.

जाहिरातीतले ‘ड्युअल कॅमेरा’ हे शब्दही नीट वाचावेत. त्याचा अर्थ पुढे-मागे असा असेलच असे नाही. २०२३ मध्ये आलेल्या ह्युंदाई एक्सटरमध्ये कंपनीनेच दिलेल्या डॅशकॅमचे दोन डोळे आहेत, परंतु त्यांतला एक रस्त्याकडे आणि दुसरा गाडीच्या आतल्या बाजूला पाहतो. टॅक्सीचालकाला आतला कॅमेरा उपयोगी आहे. कुटुंबाच्या गाडीला मागच्या काचेवरचा हवा, कारण शहरात सिग्नलला थांबलेल्या गाडीला मागून धडक बसते तेव्हा वाद नेमका ‘तुम्हीच मागे आलात’ या वाक्यावरून सुरू होतो.

मागच्या कॅमेऱ्यासाठी १०८०पी पुरते. तिथे मागची गाडी आपल्या अगदी जवळ असते, आणि काचेवरचे डाग, फिल्म आणि डिफॉगरच्या (काचेवरची वाफ घालवणाऱ्या) तारा यांमुळे जास्तीच्या पिक्सेलचा फायदा तसाही उरत नाही. मागच्या काचेवर गडद फिल्म असेल, तर रात्री या कॅमेऱ्याला काहीच दिसणार नाही. मोटार वाहन नियमांतील नियम १०० नुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जायलाच हवा.

कार्डाबद्दल लोक सर्वांत कमी विचार करतात, आणि माझ्याकडे येणाऱ्या ‘रेकॉर्डिंग झालेच नाही’ या तक्रारींमध्ये सर्वाधिक वेळा दोष कार्डाचाच निघतो. मोबाइलमधले कार्ड अधूनमधून लिहिले जाते. डॅशकॅममधले मात्र गाडी चालू असेपर्यंत अखंड लिहिले आणि पुसले जाते. साधी कार्डे या कामात काही महिन्यांत झिजतात, आणि बऱ्याच उत्पादकांच्या वॉरंटीत असा वापर वगळलेला असतो. ‘हाय एन्ड्युरन्स’ प्रकारचे, यू-३ किंवा व्ही-३० असे लिहिण्याच्या वेगाचे चिन्ह असलेले कार्डच घ्यावे. क्षमता किती हवी तेही काढता येते: पुढचा कॅमेरा सेकंदाला २० मेगाबिट आणि मागचा १२ मेगाबिट लिहीत असेल, तर तासाला सुमारे साडेचौदा गीगाबाइट भरतात, म्हणजे १२८ जीबीच्या कार्डावर साधारण आठ तास राहतात. कोल्हापूरला जाऊन त्याच दिवशी परत येणाऱ्याला हे काठावर पुरते. ‘४के’ घेतल्यास २५६ जीबी घ्यावे. तत्पूर्वी कॅमेरा किती क्षमतेपर्यंतचे कार्ड स्वीकारतो ते पाहावे. बाजारात नकली कार्डे भरपूर आहेत. कार्ड कॅमेऱ्यात घालण्यापूर्वी संगणकावर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ या मोफत प्रोग्रामने एकदा पूर्ण भरून तपासावे आणि मगच कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करावे.

पुढच्या कॅमेऱ्याची योग्य जागा म्हणजे आतल्या आरशाच्या मागे, किंचित डाव्या बाजूला, चालकाला तो दिसणारच नाही अशी. तीन गोष्टी पाहाव्यात. वायपर जिथवर काच पुसतो त्या पट्ट्यातच भिंग आले पाहिजे. नाहीतर पावसाळ्याचे चार महिने चित्रात फक्त ओघळ दिसतील. फास्टॅगचे स्टिकर तिथेच शेजारी असते. कॅमेरा किंवा त्याची वायर त्यावर येऊ देऊ नये, थोडे अंतर ठेवावे, म्हणजे टोल नाक्यावर टॅग वाचण्यात अडचण येणार नाही. आणि गाडीला पावसाचा सेन्सर किंवा एडीएएसचा (चालकाला साहाय्य करणाऱ्या यंत्रणेचा) कॅमेरा असेल, तर त्याच्या समोरचा भाग पूर्ण मोकळा राहिला पाहिजे. काचेवरच्या काळ्या ठिपक्यांच्या भागावर टेप नीट धरत नाही, म्हणून पारदर्शक भागावरच चिकटवावे. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, कोरडी करून, दुहेरी टेप अर्धा मिनिट दाबून धरावी आणि शक्य असल्यास फक्त पाया चिकटवून कॅमेरा दुसऱ्या दिवशी लावावा. सक्शन कपच्या वाटेला जाऊ नये. उन्हात तो सुटतोच. डॅशबोर्डचे प्रतिबिंब काचेत फार पडत असेल, तर सीपीएल फिल्टर (प्रतिबिंब कमी करणारी भिंगावरची काच) लावता येतो, परंतु तो प्रकाशही बराच अडवतो. रात्रीचा प्रवास जास्त असणाऱ्याने तो टाळावा.

वायरिंगचा भाग सर्वांत जोखमीचा आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो. केवळ गाडी चालू असतानाचे रेकॉर्डिंग हवे असेल, तर चार्जिंग सॉकेट हा निर्धोक मार्ग आहे: वायर कापावी लागत नाही आणि वॉरंटीचा प्रश्न उद्भवत नाही. पार्किंग मोड हवा असेल, तरच फ्यूज बॉक्सकडे जावे. त्यासाठी कॅमेऱ्याच्या कंपनीचाच हार्डवायर किट घ्यावा. त्यातून तीन वायरी निघतात. पिवळी कायम वीज असलेल्या फ्यूजला, लाल किल्ली फिरवल्यावरच वीज येणाऱ्या फ्यूजला आणि काळी गाडीच्या बॉडीला, अशी बहुतेक किटची रचना असते. तरीही रंगांवर न जाता वायरीवरची अक्षरे वाचावीत. किट १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करतो आणि बॅटरी ठराविक पातळीखाली गेली की वीज तोडतो.

कोणता फ्यूज कायम चालू आणि कोणता किल्लीवर, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे आणि मल्टिमीटरने स्वतः खात्री करावी. एअरबॅग, एबीएस, पॉवर स्टिअरिंग आणि इंजिन कंट्रोल यांच्या फ्यूजना हात लावू नये. चार्जिंग सॉकेट, म्युझिक सिस्टिम किंवा आतला दिवा यांचे फ्यूज वापरावेत. वायर सोलून मूळ वायरीला पीळ देण्याची जी पद्धत अजूनही अनेक दुकानांत चालते, ती मी कोणालाही करू देत नाही. तो जोड काही महिन्यांनी सैल होतो, तापतो, आणि गाडीला आग लागण्याची सुरुवात अशाच जोडातून होऊ शकते. त्याऐवजी फ्यूज टॅप वापरावा. मूळ फ्यूज काढून त्याच्या खाचेत टॅप बसवला जातो. टॅपमध्ये मूळ फ्यूज आणि कॅमेऱ्यासाठी दोन ते पाच अँपिअरचा वेगळा फ्यूज, असे दोन्ही असतात. आपल्या गाडीचा फ्यूज मिनी, लो-प्रोफाइल मिनी की मायक्रो-२ आहे ते पाहूनच टॅप घ्यावा, जबरदस्तीने बसवू नये. टॅपला दिशा असते, हे फार थोडे जण सांगतात. फ्यूज काढल्यावर खाचेच्या ज्या बाजूला १२ व्होल्ट दिसतात, त्या बाजूला टॅपचा दोन्ही फ्यूजना वीज पुरवणारा पाय आला पाहिजे. उलटे बसवले तरी कॅमेरा चालतो, परंतु दोघांचा भार मूळ फ्यूजवर येतो. काळी वायर रंग नसलेल्या, थेट बॉडीत गेलेल्या बोल्टखाली घट्ट आवळावी. प्लास्टिकच्या ट्रिमचा स्क्रू त्यासाठी चालत नाही. सुरू होताच बंद पडणाऱ्या कॅमेऱ्यांत बऱ्याचदा बॉडीला जोडलेली ही काळी वायरच सैल असते, नाहीतर पातळ, लांब आणि हलकी यूएसबी वायर वापरल्यामुळे कॅमेऱ्यापर्यंत पुरे व्होल्टेज पोचत नाही.

वायर काचेच्या वरच्या कडेने रूफ लायनिंगच्या फटीत बोटाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने सरकवावी; स्क्रूड्रायव्हर वापरू नये, लायनिंग फाटते. पुढे ती दाराजवळच्या पिलरवरून खाली येते आणि इथे अत्यंत सावध राहावे लागते. पिलरवर ‘एअरबॅग’ असे इंग्रजीत कोरलेले असेल, तर आत पडदा-एअरबॅग, म्हणजे बाजूच्या खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग, आहे. वायर एअरबॅगच्या पुढून गेली, तर अपघाताच्या क्षणी फुगणाऱ्या एअरबॅगच्या वाटेत ती अडसर ठरू शकते किंवा चाबकासारखी प्रवाशाच्या चेहऱ्यावर फेकली जाऊ शकते. वायर एअरबॅगच्या मागूनच, मूळ वायरिंगच्या सोबत बांधून न्यावी. त्यासाठी पिलरचे आवरण काढावे लागते, आणि काही गाड्यांत त्याच्या क्लिपा एकदा काढल्या की नव्या घालाव्या लागतात. हे काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक काढून काही मिनिटे थांबावे आणि पिवळ्या आवरणातल्या वायरी व कनेक्टर यांना अजिबात हात लावू नये. आपल्या गाडीला पडदा-एअरबॅग असतील, तर हा एवढा भाग तरी अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावा, आणि तो वायर नेमकी कुठून नेतो ते उभे राहून पाहावे.

मागची वायर डाव्या बाजूच्या दारांच्या वरून, लायनिंगच्या कडेने डिकीपर्यंत नेता येते. सेडानमध्ये मागची काच स्थिर असल्यामुळे काम तिथेच संपते. हॅचबॅकमध्ये काच डिकीच्या दाराबरोबर वर उचलली जाते, त्यामुळे वायर बिजागराजवळच्या रबरी नळीतूनच दारात न्यावी लागते. घाईत ती बाहेरून, रबराच्या कडेला दाबून नेली, की दार बंद-उघड होऊन काही महिन्यांत आतली तार तुटते आणि पहिल्या पावसात पाणीही आत येते. नळीतून वायर ओवण्यासाठी थोडे सिलिकॉन स्प्रे आणि एक ताठ नायलॉन दोरी पुरते, फक्त अर्धा-पाऊण तास शांतपणे द्यावा लागतो. कॅमेरा मागच्या वायपरच्या पट्ट्यात बसवावा आणि टेप डिफॉगरच्या तारांवर चिकटवू नये. काढताना तार उखडली की डिफॉगर त्या रेषेत कायमचा निकामी होतो. उरलेली वायर सैल गुंडाळून कापडी टेपने बांधावी, म्हणजे खडखड होत नाही. किट बसवल्यानंतर एफएमवर खरखर येऊ लागली, तर किट अँटेनाच्या वायरीपासून दूर सरकवावा आणि वायरीवर फेराइटची कडी लावावी.

आता बॅटरीचा प्रश्न. पार्किंग मोडमध्ये दोन कॅमेऱ्यांचा संच साधारण ०.३ अँपिअर घेतो असे धरल्यास २४ तासांत सुमारे ७ अँपिअर-तास खर्च होतात. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते आणि तिच्यातली अर्ध्याहून अधिक वीज वारंवार काढली, तर ती लवकर खराब होते. म्हणजे रात्रभर पार्किंग मोड चालू राहिल्याने निरोगी बॅटरीला धोका नाही, परंतु शुक्रवारी उभी केलेली गाडी सोमवारी सुरू होईलच अशी खात्री देता येत नाही. किटमध्ये वीज तोडण्याची पातळी पुष्कळदा ११.८ व्होल्ट असते. ती फार खाली आहे, कारण १२.२ व्होल्टला बॅटरी आधीच जवळपास अर्धी झालेली असते. पातळी १२.२ किंवा १२.४ वर ठेवावी. रोज फक्त पाच-सात किलोमीटर जाणाऱ्या गाडीत अल्टरनेटरला (इंजिनावर फिरणाऱ्या वीज जनित्राला) बॅटरी पूर्ण भरण्याइतका वेळच मिळत नाही, तिथे पार्किंग मोड टाळणेच योग्य. दिवसा उन्हात उभ्या गाडीतही तो बंद ठेवावा. ज्या वेळी कॅमेऱ्याला सर्वाधिक ताप होतो, त्याच वेळी त्याच्याकडून काम करून घेण्यासारखे ते आहे.

बसवून झाल्यावर सेटिंग पाहावीत. वेळ भारतीय प्रमाणवेळेनुसार, म्हणजे अधिक साडेपाच तास अशी नीट लावावी. जीपीएस असेल तर ती आपोआप बरोबर राहते आणि वेगही नोंदला जातो. वारंवारता ५० हर्ट्झ ठेवावी, म्हणजे दिव्यांची लुकलुक चित्रात येत नाही. धक्का ओळखणाऱ्या जी-सेन्सरची संवेदनशीलता सर्वांत कमी ठेवावी, कारण आपल्या रस्त्यांवर प्रत्येक खड्डा आणि गतिरोधक त्याला अपघात वाटतो, फाइली कुलूपबंद होत जातात आणि शेवटी नव्या चित्रणाला कार्डावर जागाच उरत नाही. मायक्रोफोन चालू ठेवायचा की नाही हे गाडीत बसणाऱ्या सर्वांना सांगून ठरवावे.

अपघात झालाच, तर सुरक्षित होताच आधी कॅमेऱ्याची वीज तोडावी, म्हणजे जुन्या फाइलींवर नवे लिहिले जाणार नाही. कार्ड काढून वेगळे ठेवावे आणि पाहण्यासाठी त्याची प्रत वापरावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत न्यायालयात देताना सोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइलमधून गणिताने काढलेली तिची ओळखखूण) लिहावे लागते. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, त्या वेळच्या कायद्याखाली, प्रतीसाठी असे प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले होते. मूळ उपकरणच हजर केले तर गोष्ट वेगळी, असेही त्यात म्हटले होते. म्हणून मूळ कार्ड कापछाट न करता जपावे, आणि व्हॉट्सअॅपवरून फिरलेल्या, दाबून लहान झालेल्या चित्रफितीच्या भरवशावर राहू नये. पोलिसांकडे कार्ड दिल्यास त्याची लेखी पोच घ्यावी. विमा कंपनीलाही कॅमेरा बसवल्याचे कळवावे. इलेक्ट्रॉनिक अॅक्सेसरी म्हणून तो पॉलिसीत नोंदवला नसेल, तर त्याच्या नुकसानीची भरपाई मिळत नाही.

यानंतरची देखभाल फारशी नाही. महिन्यातून एकदा कार्डावरची दोन्ही कॅमेऱ्यांची कालची फाइल उघडून पाहावी, काच आतून पुसावी आणि जपून ठेवायच्या फाइली दुसरीकडे घेऊन कार्ड कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करावे. जून महिन्यात पहिला मोठा पाऊस झाल्यावर मात्र मागच्या कॅमेऱ्याचे चित्र त्याच दिवशी तपासावे. रबरी नळीतला जोड कच्चा राहिला असेल, तर तो तेव्हाच कळतो.